पांढऱ्या पाठीचं

लांब चोचीचं, बारीक चोचीचं, लाल डोक्याचं, पांढऱ्या पाठीचं.
शाळेत टिपणीस सर गिधाडं अशी सांगायचे
की लग्नात नवऱ्याकडची मंडळी दाखवतायत:
ती बुटकी आत्या, तो घाऱ्या डोळ्यांचा मामा.
भांगपाडी मैना आली की मागच्या बाकावरच्या आम्ही
आपापला भांग बोटाने चाचपायचो.

पण पाठ पांढरी आहे, हे पहिल्यांदा कुणाला दिसलं?
खालून दिसतो तो पंखाखालचा पट्टा. पाठ नाही दिसत.
म्हणजे नाव ठेवणारा वर उभा असणार,
पावागडावर, माचीच्याही वर,
आणि ते त्याच्या पायांखालून गेलं असणार
पंख न हलवता.

मी पुढे औषध निरीक्षक झाले, बडोद्यातच.
एकतीस वर्षं लेबलं वाचली.
मग एकदा दिल्लीहून कागद आला:
हे दुखण्यावरचं औषध जनावरांसाठी बंद.
मेलेल्या गुरातून ते गिधाडाच्या मूत्रपिंडात जातं.
एवढंच कारण, दीड ओळीचं.
कंपन्यांनी लेबलावरचा एक शब्द खरवडला
आणि दुसरा चिकटवला. फक्त माणसांसाठी.
आतलं पाणी तेच. बाटलीही तीच, तीस मिलीची.

माणसाला एका वेळी लागतं तीन.

वाघोडिया रोडवर प्रफुल्लभाईच्या दुकानात
खोकंभर बाटल्या, वर कडब्याची धूळ.
म्हटलं, या रस्त्यावर एवढी कंबरदुखी कुणाला?
तो म्हणाला, बेन, भेंसने वांचतां क्यां आवडे छे?
मला हसू आलं, ते मी दाबलं.
नमुना घेतला, चार भाग केले, लाख तापवली.
एक भाग त्याचा त्यालाच दिला, नियमाप्रमाणे.

बाहेर वेलाभाई भरवाड म्हैस धरून उभा.
तिचा पुढचा गुडघा नारळाएवढा.
तर मग हिला काय देऊ, त्याने विचारलं.
मी दुसऱ्या औषधाचं नाव सांगितलं.
ते त्याने दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा चुकलं.
किंमत मात्र एकदाच विचारली.
म्हैस माझ्याकडे बघत नव्हती, कुणाकडेच नव्हती.

काही वर्षांनी मोठी बाटलीच बंद झाली.
तीन मिलीच्या कुप्या आल्या.
आम्ही ऑफिसात पेढे वाटले.
त्याच आठवड्यात कळलं, दहा कुप्या फोडून
एका सिरिंजमध्ये भरता येतात,
फक्त अंगठा थोडा कापतो.

पांजरापोळीच्या मागे, जिथे ढोरं टाकतात,
तिथे आता कुत्री आहेत. धष्टपुष्ट.
त्यांच्या नावांना काही विशेषणं नाहीत.

मार्चमध्ये निवृत्त झाले.
रात्री माझ्या गुडघ्याला तेच चोळते, जेल म्हणून मिळतं.
मी माणूस आहे, मला परवानगी आहे.
बरं वाटतं. खोटं कशाला सांगू.

रविवारी भाचीची मैत्रा आली, तिला कमाटीबागेत नेलं,
संग्रहालयात, पेंढा भरलेल्या पक्ष्यांकडे.
ती गुजराती पाटी एकेक अक्षर लावून वाचत गेली:
सफेद... पीठ... गीध.
मावशीआजी, कसलं पीठ? गव्हाचं?
म्हटलं, अगं पाठ. पाठ पांढरी आहे त्याची.
कुठे?

ते आमच्याकडे तोंड करून उभं होतं,
काचेचे डोळे, मानेवरचे टाके सुटत आलेले.
पाठ भिंतीकडे.
मी बाजूला गेले, वाकले, गाल काचेला लावला.
गुडघा कळवळला.
कपाट आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट,
आणि फटीत काहीतरी पांढरं.

पीस असेल.
नाहीतर भिंतीचा चुना.
मैत्रा म्हणाली, दिसलं?
थांब जरा, म्हटलं,
आणि चष्मा पुसायला घेतला.